मालाला जागा कोठे?

नगराचा आराखडा काढणारे लोक माणसांच्या निवासाची, शाळांची, उद्यानांची, फार तर मोटारी उभ्या करण्याचीही चिंता वाहतात. परंतु त्याच माणसांच्या दारी रोज येऊन पडणारी पार्सले आदल्या रात्री कोठे ठेवावीत, हा प्रश्न त्यांच्या नकाशावर क्वचितच उमटतो. पेशवाईत नवी पेठ वसवताना शेटे-महाजन नेमून, व्यापाऱ्यांना करमाफीचा कौल देऊन, दुकाने, वखारी आणि घरे एकाच वस्तीत नांदवण्याची तजवीज होत असे. पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला आणि वखारींची गावाबाहेर रवानगी झाली. पॅरिसचा मध्यवर्ती घाऊक बाजार १९६९ साली रंजिसला गेला. मुंबईचा टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला. मुंबईची जकात चुकवता यावी म्हणून हद्दीबाहेर भिवंडीला गोदामांचे अफाट नगर उभे राहिले. १ जुलै २०१७ रोजी ही जकात उठली. जमिनीचा भाव मात्र उतरला नाही, आणि गोदामे जिथल्या तिथेच राहिली.

यात बिघडले कोठे, हे गणिताने फार स्वच्छ दाखवता येते. १९५९ साली बिअर्डवुड, हाल्टन आणि हॅमर्स्ली या गणितज्ञांनी असे सिद्ध केले की, एखाद्या क्षेत्रात यदृच्छया विखुरलेल्या पुष्कळ बिंदूंना एकेकदा भेट देणाऱ्या सर्वांत आखूड फेरीची लांबी ही क्षेत्रफळ आणि बिंदूंची संख्या यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच वस्तीत पार्सले चौपट झाली, तर वस्तीतील वणवण केवळ दुप्पट होते. दाट वस्तीची ही मोठीच सवलत. पण ती वस्तीच्या वेशीपर्यंतच चालते. गोदामापासून वेशीपर्यंतच्या जाण्यायेण्याला वर्गमूळ लागू नाही: तेथे पार्सले चौपट म्हणजे गाड्या चौपट आणि अंतरही चौपट. कार्लोस डगांझो यांनी वाहतुकीच्या हिशेबात या दोन्ही पदांची बेरीज मांडली.

समजा, १० चौरस किलोमीटरच्या वस्तीत १,२०० पार्सले वाटायची आहेत आणि एका टेम्पोत १५० मावतात. सरळ रेषेने मोजल्यास वस्तीतील एकूण फिरणे सुमारे ७८ किलोमीटर भरते. गोदाम ३० किलोमीटरवर असेल, तर टेम्पोच्या आठ खेपांचे नुसते जाणेयेणेच ४८० किलोमीटर. ३ किलोमीटरवर असेल, तर ४८. आता धूर नको म्हणून टेम्पोच्या जागी प्रत्येकी ४० पार्सले नेणाऱ्या तीनचाकी सायकली आणा: खेपा तीस होतात, आणि दूरच्या गोदामापासून १,८०० किलोमीटर तुडवावे लागतात, जवळच्यापासून १८०. स्वच्छ वाहनांची भाषणे करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. जवळ जागा दिल्यावाचून हलके वाहन चालत नाही.

पॅरिसला हे उमगले ते दुष्परिणाम भोगल्यावर. लेटिशिया डाब्लांक यांच्या संशोधनाप्रमाणे १९७४ ते २००८ या काळात तेथील पार्सल-केंद्रे आपल्या मध्यबिंदूपासून सरासरीने सुमारे १० किलोमीटर अधिक दूर सरकली होती. मग उलटा प्रवास आरंभला. २०१३ साली बोग्रनेल भागात एका जुन्या वाहनतळाच्या जागी सुमारे ३,००० चौरस मीटरचे पार्सल-केंद्र आले. २०१६ च्या सुधारणेने नगररचनेच्या नियमांत काही भूखंडांवर मालासाठी जागा ठेवणे सक्तीचे झाले. आणि २०१८ साली उत्तरेकडील शापेल भागात रेल्वेचा फलाट, वाटपाची दालने, कचेऱ्या, संगणक-केंद्र आणि गच्चीवर शेती असा सारा संसार एकाच इमारतीत मांडला गेला. ही गर्दी हौसेची नव्हे. कचेऱ्यांइतके भाडे वखारीला कधीच झेपत नाही, म्हणून वरच्या मजल्यांच्या उत्पन्नातून खालच्या मजल्याचे तूट-खाते भरून काढावे लागते. जेथे कारभार केवळ बाजारभावावर सोडला जाईल, तेथे मालाला शहरात जागा मिळणार नाही, हे निर्विवाद आहे.

शेजाऱ्यांची तक्रार खोटी आहे असे मात्र कोणी समजू नये. पहाटे तीन वाजता मागे सरकणाऱ्या ट्रकचा कर्कश भोंगा सहन करण्याची सक्ती कोणावरही नसावी. म्हणूनच चढउतार बंदिस्त छपराखाली व्हावी, वेळा ठरवून द्याव्यात आणि मोठ्या ट्रकांना रुंद रस्त्यावरूनच मुभा असावी. परंतु जागा नाकारल्याने माल नाहीसा होत नाही. मुंबई-पुण्यात उड्डाणपुलाखाली, फुटपाथवर पार्सलांचे ढीग मांडून पोरे ती गल्लीवार लावताना दिसतात, ते गोदामच आहे. त्याचे भाडे पादचारी भरतात एवढेच.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. आपल्या शहराचा असा आराखडा पुढच्या वेळी पाहायला मिळेल, तेव्हा शाळा आणि उद्यानांची आरक्षणे तपासून झाल्यावर, जुन्या वाहनतळाखाली किंवा मंडईच्या मागे माल उतरवण्यासाठी एखादा भूखंड राखला आहे काय, तेही वाचकांनी पाहावे, आणि नसल्यास तशी लेखी सूचना मुदतीत दाखल करावी.