न्हाणीचें सांडपाणी आणि बाहेरची कुंडी

घरांत पाणी कोठून येतें हें लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु तें जातें कोठें, हा प्रश्न मोठ्या माणसांनाही सहसा पडत नाहीं. विहीर, नळ, टांकी, बंब यांची काळजी सर्वजण घेतात. न्हाणीच्या कोपऱ्यांतील जाळी आणि भिंतीपलीकडील कुंडी यांच्याकडे मात्र पाणी तुंबेपर्यंत कोणाचें लक्ष जात नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील ज्या खेड्यांत आणि नव्या वस्त्यांत बंद गटार अद्याप दारापर्यंत पोंचलेलें नाहीं, तेथें हें पाणी आवारांतच मुरवावें लागतें. तें नीट मुरलें तर आवारांतील झाडांना ओल मिळते. न मुरलें तर दाराशीं डबकें सांचतें, आणि त्या डबक्याचा उपद्रव एका घरापुरता राहत नाहीं.

प्रथम थोडा हिशेब मांडावा. एका माणसाच्या स्नानाला वीस लिटर पाणी धरलें, तर पांच माणसांच्या कुटुंबाचें दिवसाला १०० लिटर आणि वर्षाला ३६,५०० लिटर पाणी होतें. कपडे व भांडीं यांचें पाणी निराळेंच. आतां एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल असा शोषखड्डा घ्या. त्यांत दगडगोटे भरल्यावर पाण्याला जी पोकळी उरते ती सुमारें ४०० लिटरांची. म्हणजे पाणी मुळींच मुरलें नाहीं, तर खड्डा अवघ्या चार दिवसांत भरेल. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शोषखड्डा हा पाणी सांठविण्याचा हौद नव्हे. तें पाणी जमिनींत जाण्याचें दार आहे. दार उघडें राहिलें तर लहान खड्डाही वर्षानुवर्षें पुरतो. तें बुजलें तर मोठा खड्डाही व्यर्थ होय.

हें दार बुजवितें कोण? पाणी नव्हे, पाण्याबरोबर येणारा मळ. त्यांत तीन वस्तु मुख्य आहेत: केस, साबणाचा साका आणि माती. विहिरींचें पाणी पुष्कळदां दुष्फेन, म्हणजे साबणाचा फेस लवकर न येणारें असतें. त्यांतील चुन्याच्या जातीचे क्षार साबणाशीं मिळून पांढरट, चिकट असा साका तयार होतो. तो पाण्यांत विरघळत नाहीं. एकटा केस पाणी अडवीत नाहीं. परंतु केसाला साका चिकटतो, साक्याला माती चिकटते, मातींत दुसरा केस अडकतो, आणि पाहतां पाहतां नळींत बोळा बसतो. जो मळ नळींतून पार होतो, तो खड्ड्यांतील दगडांवर व मातीवर बुळबुळीत थर धरतो. हा थर जाड झाला कीं खालची जमीन कोरडी असूनही पाणी वरच तुंबून राहतें.

वर्ध्याच्या जमिनीचा गुणही येथें ध्यानांत घ्यावयास हवा. कापसाला जी काळी माती माउलीसारखी, ती सांडपाण्याला मात्र सावत्र आहे. ओली होतांच ती फुगते आणि आपलीं सूक्ष्म छिद्रें मिटून घेते. उन्हाळ्यांत तिला पडणाऱ्या भेगा पाहून खड्डा उत्तम चालेल असें वाटतें, आणि श्रावणांत निराशा पदरीं येते. म्हणून खड्डा काळ्या मातींतच न थांबवितां खालच्या मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम पाणी सहज पितो. मात्र पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून खड्डा निदान पंधरा मीटर दूर असावा, आणि जेथें पावसाळ्यांत जमिनींतील पाणी अगदीं वर येतें तेथें खोल खड्डा खणूंच नये. शौचकूपाची नळी या खड्ड्याला कधींही जोडूं नये.

यांतून पुढील गोष्ट ओघानेंच येते. मळ खड्ड्यापर्यंत पोंचण्याआधींच अडविला पाहिजे, आणि जेथें हात सहज पोंचतो अशाच जागीं अडविला पाहिजे. ही जागा म्हणजे न्हाणी व शोषखड्डा यांच्या मधली कुंडी. दीड फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच खोल अशी पक्की कुंडी एका घराला पुरते. न्हाणीची नळी तिच्यांत एका बाजूनें वरून येते. बाहेर जाणारी नळी समोरच्या बाजूला तळापासून फूटभर उंचीवर असते, आणि तिच्या आंतल्या तोंडाला खालीं वळलेला एल्बो बसविलेला असतो. त्यामुळें माती तळाशीं बसते, साका वर तरंगतो, आणि मधल्या थरांतील त्यांतल्या त्यांत निर्मळ पाणी तेवढें पुढें जातें. कुंडीला यंत्र नाहीं, चाक नाहीं. पाण्याला क्षणभर थांबावयास लावणें एवढेंच तिचें काम.

नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी या गांवाच्या ज्या शोषखड्ड्यांची महाराष्ट्रांत वाखाणणी झाली, त्यांतही हेंच तत्त्व आहे. तेथें खड्ड्याच्या मध्यभागींच सिमेंटची टांकी बसवितात. तिचीं छिद्रें तळाशीं नसून वरच्या अंगाला असतात. गाळ टांकींत राहतो आणि पाणी छिद्रांतून भोंवतालच्या दगडांत जातें. गांवचीं उघडीं गटारें गेलीं आणि त्यांबरोबर डासही हटले, म्हणून लोकांनीं त्याला जादूचा खड्डा असें नांव दिलें. जादू म्हणावी तर ती एवढीच, कीं गाळ आणि पाणी यांची वेळींच ताटातूट केली.

समुद्रावरील लहान नौकांतही हाच प्रश्न निराळ्या रूपानें येतो. नौकेच्या न्हाणीची फरशी पुष्कळदां समुद्राच्या पातळीहून खालीं असते. म्हणून स्नानाचें पाणी आपोआप बाहेर वाहूं शकत नाहीं. तें एका लहान पेटींत जमा होतें. पेटींत जाळी असते, पाण्याबरोबर वर चढणारा तरंगा असतो, आणि तरंगा वर चढला कीं विजेचा पंप सुरू होऊन पाणी बाहेर फेकतो. परंतु केस आणि साका तरंग्याभोंवतीं गुरफटला, कीं पंप एक तर सुरू होत नाहीं किंवा बंदच होत नाहीं. तेथेंही उपाय तोच: झांकण काढावें, जाळी धुवावी, तरंगा मोकळा करावा, स्वच्छ पाणी सोडून पाहावें. भेद इतकाच, कीं नौकेवरील आळस त्याच दिवशीं पायांखालीं दिसतो; घरच्या कुंडींतील आळस दिसावयास महिने लागतात, आणि म्हणून तो अधिक वाढतो.

परंतु कुंडीचा एक दोष आहे, आणि तो लपवून चालणार नाहीं. नळी तळापासून वर असल्यामुळें कुंडींत तीन-चार बादल्या पाणी नेहमींच शिल्लक राहतें. असलें घाण, संथ पाणी क्युलेक्स जातीच्या डासाला फार मानवतें. मादी एका वेळीं शें-दोनशें अंडीं तराफ्यासारखीं पाण्यावर सोडते. उष्ण ऋतूंत अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारें आठ ते दहा दिवस लागतात. याच डासाच्या द्वारें हत्तीरोग पसरतो. या रोगाचे सूक्ष्म जंतु डासाच्या शरीरांत वाढतात, हें पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरानें चीनमधील अमॉय बंदरांत १८७७ सालीं पाहिलें. विदर्भाच्या कित्येक जिल्ह्यांप्रमाणें वर्धा जिल्ह्यालाही या रोगाची जुनी ओळख आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेंत त्याच्या निदानावर पुष्कळ संशोधन झालें आहे. जंतु शरीरांत शिरल्यावर पायाची सूज दिसूं लागण्यास वर्षें लोटतात, आणि एकदां जडावलेला पाय पूर्ववत् होणें फार कठीण. मलेरियाचा डास निराळ्या जातीचा. त्याला बहुधा स्वच्छ पाणी रुचतें. म्हणून कुंडी राखली कीं सर्व डासांचें भय गेलें असें मानूं नये. परंतु हत्तीरोगाच्या डासाचें घर तेवढें मोडतें, आणि हा लाभ लहान नाहीं.

वरील आठ-दहा दिवसांचा आंकडाच कुंडीच्या निगेचें वेळापत्रक ठरवून देतो. कुंडी आठवड्यांतून एकदां रिकामी केली, तर अंड्याचा डास होण्याआधींच त्याचा नाश होतो. पंधरवड्यानें केलेली सफाई मळापुरती ठीक. डासांच्या दृष्टीनें ती उशिराची. म्हणून वार नेमून टाकावा. त्या दिवशीं वरचा साका जुन्या झाऱ्यानें काढावा, पाणी बादलीनें उपसून मोकळ्या, सुक्या मातीवर पसरावें, तळचा गाळ खरडावा, भिंती खराट्यानें घासाव्या आणि झांकण फट न ठेवतां बसवावें. काढलेला मळ कंपोस्टच्या खड्ड्यांत मातीखालीं पुरावा. हें सर्व काम पाव तासाचें. न्हाणींतील जाळीवरचे केस मात्र रोजच्या रोज, शेवटचें स्नान होतांच काढावे; त्याला एक मिनिट पुरतें.

जाळीखालीं पाणी अडवून धरणारें जें भांडें बसवितात, त्याला नळकाम करणारे कारागीर नहाणी ट्रॅप म्हणतात. न्हाणी हा आपला घरगुती शब्द बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसला आहे. त्यांतील पाण्याच्या पडद्यामुळें कुंडीची दुर्गंधी व झुरळें वर येत नाहींत. घर उन्हाळ्याच्या सुटींत बंद राहिलें कीं हें पाणी आटतें आणि परत येतांच घाण वास सुटतो. अशा वेळीं फिनेलच्या बाटलीकडे धांवण्यापूर्वीं दोन तांबे पाणी ओतून पाहावें.

नळी तुंबली असतां कित्येक घरांत तेजाब ओतण्याची रीत आहे. ती सोडावी. तेजाबानें सिमेंट झिजतें, सांधे सुटतात, आणि केसांचा बोळा पुष्कळदां तसाच राहतो. शिवाय तेजाब व ब्लीचिंग पावडर एकत्र आलीं तर क्लोरीनचा विषारी वायु सुटतो. बंद न्हाणींत तो जिवावर बेतूं शकतो. बोळा लवचिक तारेनें ओढून काढावा, नंतर बादलीभर पाणी एकदम सोडावें. स्वयंपाकघरांतील तेल-तूपही मोरींत जाऊं देऊं नये. भांडें आधीं राखेनें किंवा कागदानें पुसून मग घासावें.

खड्ड्याची प्रकृति ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. महिन्यांतून एकदां कुंडी स्वच्छ केल्यावर तिच्यांत दोन-तीन बादल्या पाणी भराभर ओतावें, आणि तें नळीच्या पातळीपर्यंत उतरण्यास किती वेळ लागला तें दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें. हा वेळ महिन्यागणिक वाढूं लागला, तर खड्डा थकत चालला असें समजावें. अशा वेळीं मृग लागण्यापूर्वीं वरचे दगड काढून, धुवून, पुन्हा भरावे. जागा असेल तर दोन खड्डे करून आळीपाळीनें वापरावे. विसावा मिळालेल्या खड्ड्यांतील बुळबुळीत थर सूक्ष्म जीव खाऊन टाकतात आणि जमीन पुन्हा पाणी पिऊं लागते. शेताप्रमाणें खड्ड्यालाही पडीक काळ मानवतो.

वर्धा जिल्ह्याला हा विषय परका नाहीं. महात्माजी १९३६ सालीं शेगांवीं राहावयास आले. त्याच वर्षीं त्यांना तेथें मलेरियानें गांठलें. पुढें १९४० मध्यें त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. १९४१ सालीं त्यांनीं मांडलेल्या विधायक कार्यक्रमांत ग्रामसफाई हें एक स्वतंत्र कलम होतें, आणि सफाई हें कोणा एका जातीचें काम नसून प्रत्येकाचें आहे हा त्यामागील आग्रह होता. शिकलेल्या घरांत आज झाडू हातीं घेण्याची लाज पुष्कळ कमी झाली आहे. कुंडीचें झांकण उचलण्याची मात्र अजून शिल्लक आहे. माणूस बोलावून तें काम करून घ्यावें असें वाटतें, माणूस वेळेवर येत नाहीं, आणि आठवड्याचे दोन महिने होतात. घरांतील कर्त्या माणसानें, मुलांना शेजारीं उभें करून, हें पाव तासाचें काम स्वतः केलें, तर मुलांना आरोग्यशास्त्राचा एक धडा पुस्तकावांचून मिळेल, आणि शेजाऱ्याच्या मुलांना रात्रीं निर्धास्त झोंप मिळेल.