सेल्फ फिरतोय, मग बोट चालू का होत नाही?

जुन्या स्की बोटीचं इंजिन चालू व्हायला त्रास देऊ लागलं, की मालकाचे पैसे ठरलेल्या क्रमाने जातात. आधी बॅटरी, मग प्लग, मग कॉइल, आणि शेवटी कुणीतरी मान डोलावून सांगतं, ''इंजिनच बसलंय.'' त्रास नेमका कधी होतो, हे मात्र त्याला कुणीच विचारत नाही. सकाळी इंजिन गार असताना? दोन फेऱ्या मारून दहा मिनिटं थांबल्यावर? की महिनाभर बोट झाकून ठेवल्यावर? तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. या एका प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

ही गोष्ट अमेरिकेतल्या तळ्यांवर अजूनही धावणाऱ्या, १९७०-८०च्या दशकांतल्या बोटींची आहे. करेक्ट क्राफ्टची स्की नॉटिक, मास्टरक्राफ्ट वगैरे. बोटीच्या मधोमध, चालकाच्या कोपराशी, गालिचा लावलेली एक पेटी असते आणि तिच्याखाली बहुतेक वेळा फोर्डचं ३५१ घन इंचांचं, म्हणजे ५.८ लिटरचं व्ही-८ इंजिन. पीसीएम किंवा इंडमारसारख्या कंपन्यांनी ते पाण्यासाठी तयार केलेलं. वर चार बॅरलचा कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट. प्रीमियर पद्मिनी सांभाळलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

'इंजिन बसलंय' हा निदानाचा शेवट नव्हे, बहुतेकदा तो आळस असतो. एकदा चालू झाल्यावर जी बोट माणसाला खेचून पाण्यावर झटक्यात उभं करते, तिच्या कंप्रेशनला काय धाड भरलीय? खात्रीच करायची तर आठही सिलिंडरांवर गेज लावून आकडे घ्यावेत. इंजिन उतरवायची भाषा त्यानंतर.

सगळ्यात जास्त गोंधळ गरम इंजिनाबाबत आहे. स्कीअर पडतो, बोट वळवून त्याच्याजवळ आणतात, इंजिन बंद करतात, दोर बदलतात, गप्पा होतात. दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता घरघरतो. लोक म्हणतात, ''पेट्रोल पोहोचत नाहीये,'' आणि थ्रॉटलचा लीव्हर चार-पाच वेळा पुढेमागे करतात. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. इंजिन थांबलं की तळ्याचं गार पाणी खेचणारा पंपही थांबतो. बंद पेटीत अडकलेली उष्णता वर चढते, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळू लागतं आणि आत ठिबकतं. म्हणजे पेट्रोल आधीच जास्त झालंय, आणि लीव्हरच्या प्रत्येक झटक्यासरशी अॅक्सिलरेटर पंप आणखी एक पिचकारी मारतो. अशा वेळी गिअर न्यूट्रलला ठेवून लीव्हर एकदाच सावकाश पुढे न्यावा, तिथेच धरावा आणि मग सेल्फ मारावा. भरपूर हवा जाऊन जादा पेट्रोल निघून जातं. इंजिन पेटलं की त्याच क्षणी लीव्हर मागे घ्यायचा, कारण बिनओझ्याचं व्ही-८ क्षणात किंचाळायला लागतं. थांब्यावर पेटीचं झाकण उघडं ठेवण्यानेही बराच फरक पडतो.

एवढं करूनही त्रास राहिला तर एक गोष्ट डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. धावून आलेलं इंजिन बंद करा, पेटी उघडून वाफ जाऊ द्या, कार्ब्युरेटरवरची जाळीदार टोपी काढा आणि टॉर्चच्या उजेडात सरळ घशात डोकवा. नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब फुगतो, सुटतो, खालच्या पितळी पाकळीवर पडून पसरतो, आणि दुसरा थेंब धरतो. हे मिनिटामागून मिनिट चालूच राहिलं, तर वाटीत पेट्रोलची पातळी जास्त आहे किंवा नीडल-सीट गळतंय. 'बाहेर कुठे ओल नाही, म्हणजे कार्ब्युरेटर ठीक' हा समज मोटारीपुरता चालेल. बोटीच्या कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळ्या मुद्दाम आत वळवलेल्या असतात, ओसंडलेलं पेट्रोल बोटीच्या तळात न सांडता इंजिनातच जावं म्हणून. त्यामुळे तो कितीही ओसंडला तरी बाहेरून कोरडाच दिसतो.

गार इंजिनाचा मामला चोकचा. पद्मिनीत चोक हाताने ओढायचा. इथे तो विजेवर चालतो. काळ्या गोल डबीतली स्प्रिंग विजेने तापते आणि चोक हळूहळू उघडतो. पण मालकाला वाटतं, आपोआप आहे म्हणजे आपलं काम काही नाही. आहे. किल्ली फिरवण्याआधी लीव्हरच्या मुळाशी असलेलं बटण वापरून गिअर न पडता लीव्हर एकदा पूर्ण पुढे न्यावा लागतो, तेव्हाच चोकची पाकळी मोकळी होऊन मिटते. दुसरी गंमत अशी, की अनेक बोटींत किल्ली 'ऑन' केली की इंजिन चालू असो वा नसो, ती स्प्रिंग तापायला लागते. पेट्रोल इंजिनच्या बोटीत सुरू करण्याआधी किमान ४ मिनिटं ब्लोअर, म्हणजे तळातली पेट्रोलची वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवावा, असं अमेरिकन तटरक्षक दल सांगतं. ते बरोबरच आहे, पण ही चार मिनिटं किल्ली 'ऑन' ठेवून काढली तर तोवर चोक उघडलेला, आणि पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलही तापलेली. ब्लोअर स्वतंत्र स्विचवर चालत असेल तर किल्लीला तोवर हात लावू नये.

महिनाभर उभ्या बोटीचं तर सोपं आहे. वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि पंपाला ती भरायला वेळ लागतो. दहा-दहा सेकंद सेल्फ मारून मध्ये मिनिटभर विश्रांती द्यायची, बस.

बॅटरीबद्दल लोक मीटर लावून सांगतात, ''१२.६ दाखवतेय, फुल्ल आहे.'' बघायचं ते सेल्फ फिरत असताना. तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीय. आकडा चांगला असून सेल्फ जडच फिरत असेल, तर अर्थिंगचं टोक घासून बघावं. आणि एक लक्षण तर पाठ करून ठेवण्याजोगं आहे: सेल्फ मारताना इंजिन पेटतच नाही, पण किल्ली सोडता सोडता एकदम पेटतं. जुन्या प्रणालीत चालत्या इंजिनाच्या कॉइलला रेझिस्टरमधून कमी व्होल्टेज मिळतं, आणि सेल्फ मारताना तो रेझिस्टर टाळून थेट बॅटरीचं. ही थेट वाट तुटली की नेमकं असं होतं. त्यात बदललेले आठ प्लग निर्दोष होते.

हट्टी इंजिन पेटावं म्हणून कार्ब्युरेटरमध्ये मारतात तो ईथरचा फवारा मात्र हसण्यावारी नेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती बोटीच्या तळात साचते. मोटारीत ती रस्त्यावर विरून जाते. जाळीदार टोपी काढून फवारा मारायचा आणि इंजिनाने उलटा भडका दिला, तर ती ज्योत अडवायला काही उरत नाही. ती टोपी म्हणजे एअर फिल्टर, हाही असाच एक समज. ती ज्योतरोधक आहे, आणि २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या पेट्रोल इंजिनांना (आउटबोर्ड सोडून) अमेरिकेत असा बंदोबस्त सक्तीचा आहे. करंट येतोय का हे बघायला प्लग काढून ठिणगी उडवणंही त्याच कारणासाठी नको. टायमिंग लाइट प्लगच्या वायरला अडकवून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला तर करंट आहे.

राहिला स्वस्ताईचा मोह. इंजिन फोर्डचं, म्हणून सेल्फ, अल्टरनेटर, पेट्रोल पंप मोटारीच्या दुकानातून आणले जातात. बोटीचे विजेचे भाग ठिणगी बाहेर पडू नये असे बंद केलेले असतात, त्यासाठी एसएई जे-११७१ हे मानक आहे. बोटीच्या पंपाला दोन पडदे असतात. पेट्रोलच्या बाजूचा फाटला की पेट्रोल पारदर्शक नळीतून कार्ब्युरेटरकडे जातं, म्हणजे त्या नळीत पेट्रोल दिसलं की पंप गेला. शिवाय यातली कित्येक इंजिनं मोटारीच्या उलट दिशेने फिरतात. प्लगच्या वायरी काढून फोर्डच्या पुस्तकाप्रमाणे १-३-७-२-६-५-४-८ अशा लावल्या, तर उलट्या इंजिनात नुसते फटाके वाजतात; तिथे क्रम १-८-४-५-६-२-७-३ हवा. दिशा ओळखायला ब्लोअर चालवून झाल्यावर कुणाला तरी किल्ली क्षणभर टिचकवायला सांगावं आणि समोरून पुली बघावी. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरली तर मोटारीचा क्रम, उलटी फिरली तर दुसरा. अर्थात, आधीच्या मालकाने मोटारीचाच सेल्फ बसवून ठेवला नसेल तर.