संगणकाचा ताप मोजायला शिकूया



यंदा मे महिन्यात मंडळाच्या कार्यालयातला संगणक भर दुपारी आपोआप बंद पडू लागला. वधू-वर मेळाव्याच्या याद्या करता करता पडदा काळा व्हायचा. दहा मिनिटांनी सुरू केला की थोडा वेळ चालायचा आणि पुन्हा बंद. याच संगणकात सभासदांची नोंदवही, वर्गणीचा हिशेब आणि गणेशोत्सवाचे जुने फोटो आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. कोणी म्हणालं व्हायरस आहे, कोणी म्हणालं नवाच घ्या. शेवटी एका सभासदाची इंजिनिअर मुलगी म्हणाली, "काका, आधी त्याचा ताप तर बघा!"

कार्यालयात बसणारे आम्ही निवृत्त लोक वाणिज्य शाखेचे. पण आकडे वाचण्यात आमची हयात गेली. म्हणून जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवत आहोत.

ताप कुठे आणि कसा मोजतात?

१९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत संगणकीकरणाला वेग आला. आमच्या शाखेत संगणकाची खोली वातानुकूलित होती आणि चपला बाहेर काढूनच आत जावं लागे. साहेबांना पंखा आणि यंत्राला एसी, अशी थट्टा आम्ही करायचो. पण त्यामागे कारण होतं. संगणक जितकी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पुण्याच्या आयसर संस्थेतला 'परम ब्रह्म' महासंगणक थंड ठेवायला तर द्रवच खेळवावा लागतो. आपल्या घरच्या संगणकाचं काम पंख्यावर भागतं.

प्रोसेसरच्या आतच सूक्ष्म तापमापक बसवलेले असतात. पंख्याला बहुधा तीन किंवा चार तारा असतात. दोन विजेच्या, आणि तिसरी फेऱ्या कळवणारी. बहुतेक पंखे एका फेरीला दोन ठोके देतात. मदरबोर्डवरची चिप ते मोजून मिनिटाला किती फेऱ्या झाल्या ते सांगते. चौथी तार असेल तर तिच्यावरून पंख्याला वेग वाढवण्या-कमी करण्याचा हुकूम जातो.

प्रोसेसरची कमाल मर्यादा बहुधा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठली की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी ताप उतरला नाही, तर संगणक स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे आमचा संगणक बिघडून नव्हे, जीव वाचवायला बंद पडत होता.

आमच्या यंत्राचा निकाल

आकडे पाहिले तर वीस मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर, आणि पंखा जेमतेम ६०० फेऱ्यांवर अडखळत होता. डबा उघडला तेव्हा पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर चक्क घोंगडीसारखा थर निघाला. सुरतेत लूम्सच्या वस्तीत राहणाऱ्यांना नवल वाटणार नाही. धाग्याचे बारीक तंतू हवेतून येतात आणि धुळीला धरून बसतात. साफसफाई केली, पंखा बदलला, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. आता त्याच कामाला ६१ अंश.

घरी काय करावं?

'एचडब्ल्यूमॉनिटर' किंवा 'लिब्रे हार्डवेअर मॉनिटर' हे प्रोग्राम फुकट मिळतात. त्यांत अनेक आकडे दिसतात, पण आपल्याला तीनच पुरेत: प्रोसेसरचा ताप, पंख्याच्या फेऱ्या आणि हार्ड डिस्कचा ताप. हार्ड डिस्क ५० अंशांच्या आत असलेली बरी. बऱ्याच डिस्कना ६० ही वरची मर्यादा दिलेली असते.

एक आकडा पाहून घाबरू नका. बँकेत एका दिवसाच्या शिलकेवरून खातं कसं आहे हे कळत नाही, तसंच हे. दर महिन्याच्या १ तारखेला, तेच काम चालू असताना, आकडे वहीत लिहा आणि शेजारी खोलीचं तापमानही लिहा. कारण खोली दहा अंशांनी तापली, तर आतला आकडाही साधारण तितकाच वर जातो. खोली तेवढीच, काम तेवढंच, आणि आकडा मात्र महिन्यागणिक चढतोय, तर समजावं की धूळ साचली किंवा पंखा थकला.

कधी एखाद्या ओळीत १२७ अंश असा भयंकर आकडा कायम दिसतो. बहुधा तिथे तापमापक जोडलेलाच नसतो. जो आकडा काम वाढलं-घटलं तरी हलतच नाही, त्यावर विश्वास ठेवू नये.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, त्याची हवा कोंडते. मुलांना हे मुद्दाम सांगा. साफसफाईआधी वायर काढा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट फिरून खराब होतो. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

शेवटचं, पण महत्त्वाचं

तापमापक इशारा देतो, हमी देत नाही. थंडगार डिस्कही एके दिवशी अचानक जाऊ शकते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा कागदांचं काय झालं हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. म्हणून आता मंडळाच्या नोंदींच्या दोन प्रती निघतात, आणि त्यातली एक कार्यालयाबाहेर, एका सभासदाच्या वरच्या मजल्यावरच्या घरी असते.

दर रविवारी सकाळी आम्ही कार्यालयात असतो. लॅपटॉप घेऊन या, ताप मोजू. वही मात्र आपापली आणा!