घराबाहेरची ओसरी

जुन्या वाड्यात परक्या माणसाची मजल ओसरीपर्यंत असे आणि त्याला आत घ्यायचे की गूळपाणी देऊन तेथूनच वाटेला लावायचे, हे घरधनी ठरवीत असे. परंतु तेच घर इतिहासाचा ठेवा म्हणून जतन होऊन लोकांना खुले झाले, की तिकीट काढलेला प्रत्येक जण थेट माजघरात येऊ पाहतो आणि ओसरीचे काम कोणी करायचे, हा प्रश्न उभा राहतो. अभ्यागत स्वागत केंद्र हे त्या प्रश्नाचे आधुनिक उत्तर आहे. मूळ घराच्या बाहेर, त्यापासून काही अंतरावर नव्याने बांधलेल्या या इमारतीत तिकीटघर, स्वच्छतागृहे, उपाहारगृह, दुकान, प्रदर्शनाची दालने आणि लहानसे चित्रपटगृह यांची सोय केलेली असते. वरवर पाहता ही पाहुण्यांची सोय वाटते. प्रत्यक्षात मात्र तिचा पहिला लाभार्थी ते जुने घरच असते.

हे नीट समजण्यासाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील मॉन्टिसेलो या घराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा प्रमुख लेखक टॉमस जेफर्सन याने शार्लट्सव्हिल शहराजवळच्या एका टेकडीच्या माथ्यावर हे घर स्वतःच्या आराखड्यानुसार उभारले, आणि पुढे 1796 पासून बरेचसे पाडून पुन्हा नव्याने बांधले. 1923 साली ते एका विश्वस्त संस्थेने विकत घेतले आणि 1987 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळांत स्थान दिले. गंमत अशी, की या घराला मुळातच एक स्वागत कक्ष होता. भेटीला येणाऱ्यांची रीघ इतकी, की जेफर्सनने पुढच्या दालनालाच संग्रहालयाचे रूप दिले होते: भिंतींवर नकाशे, हरणांची शिंगे, प्राचीन प्राण्यांची हाडे आणि मूलनिवासी जमातींच्या वस्तू, शिवाय तिष्ठणाऱ्यांसाठी खुर्च्या. त्याच दालनात दारावर एक मोठे घड्याळ आहे. त्याची वजने दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत आठवडाभर हळूहळू खाली उतरतात आणि भिंतीवर लिहिलेल्या वारांवरून दिवस कळतो. मात्र दालनाची उंची आठवड्याला पुरली नाही, म्हणून जमिनीला भोक पाडून वजने तळघरात सोडावी लागली आणि शनिवार तळघरात गेला.

एका घराण्याच्या वर्दळीसाठी बांधलेल्या अशा वास्तूत वर्षाला लाखोंनी माणसे येऊ लागली, की तिच्या वहनक्षमतेचा प्रश्न येतो. वहनक्षमता म्हणजे वास्तूची झीज न होता आणि माणसांच्या जिवाला धोका न पोहोचता एका वेळी किती माणसे तिच्यात राहू शकतात, याची मर्यादा. मॉन्टिसेलोतील वरच्या मजल्यांकडे जाणारे जिने जेमतेम दोन फूट रुंद आणि चांगलेच उभे आहेत. आग लागली तर गर्दीला त्यावरून उतरता येणार नाही, हे उघड असल्याने सर्वसाधारण फेरीत वरचे मजले दाखवले जात नाहीत. जिन्यांचा धोका निदान डोळ्यांना दिसतो. श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून येणारा दमटपणा दिसत नाही, पण लाकूड, कागद आणि कापड यांना तोच अधिक बाधतो. म्हणून माणसांना ठरलेल्या वेळेची तिकिटे देऊन लहान गटांनी आत सोडावे लागते, आणि ज्यांची वेळ व्हायची आहे त्यांना बसायला, खायला, मुलांना खेळवायला दुसरी जागा लागते. नियोजनाची सुरुवात येथून होते. इमारत कशी दिसावी हा प्रश्न फार नंतरचा.

मधला प्रश्न जागेचा, आणि तोच सर्वांत अवघड. केंद्र घराला खेटून बांधले तर जपलेला परिसर बिघडतो. फार लांब नेले तर म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया दमतात. मॉन्टिसेलोचे सध्याचे केंद्र 2009 च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. ते टेकडीच्या उतारावर, माथ्यावरच्या घरापासून सुमारे अर्धा मैल खाली आहे, त्यामुळे घराच्या हिरवळीवर उभ्या असलेल्या माणसाला वाहनांची रांग आणि तिकीटघर दिसत नाही. सुमारे 42 हजार चौरस फुटांचे बांधकाम एकाच ठोकळ्यात न ठेवता एका अंगणाभोवतीच्या पाच भागांत विभागले आहे, आणि लाकूड व दगड वापरून ते झाडीत बसवले आहे. तेथून वर जायला लहान बस आहे आणि पायवाटही आहे. ही पायवाट जेफर्सनच्या कौटुंबिक दफनभूमीजवळून जाते. बसच्या रांगेत थांबण्यापेक्षा ती चढणे बरे, एवढ्यापुरतेच तिचे महत्त्व नाही, तर पायी चढताना माणूस हळूहळू आजच्या काळातून बाहेर पडतो, आणि ही तयारी कोणत्याही माहितीपटाने होत नाही.

जागा निवडताना केवळ नकाशा पाहून भागत नाही, याचाही धडा येथेच मिळतो. जेफर्सनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्यांच्यापैकी काहींच्या दफनभूमीचा शोध पुरातत्त्वज्ञांनी 2000-01 च्या सुमारास घेतला, तेव्हा चाळीसहून अधिक कबरींच्या खुणा सापडल्या. ती जागा आहे वाहनतळाला लागून. मालकाच्या घराण्याची दफनभूमी कुंपण घालून जपली गेली, आणि ज्यांनी विटा भाजल्या व टेकडी सपाट केली, त्यांच्या कबरींशेजारी गाड्या लागत राहिल्या. आता ती जागा राखलेली आहे. पण पायाचा पहिला खड्डा खणण्याआधी उत्खननतज्ज्ञाला बोलवायचे असते, हे त्या झाडीखालच्या दगडांकडे पाहून कोणालाही पटावे.

स्वागत केंद्राचे दुसरे काम सांगण्याचे. घरातील वस्तू स्वतःहून बोलत नाहीत, आणि सगळे फलक घरातच लावले तर ते घर राहत नाही, त्याचे सूचनाफलक होतात. म्हणून संदर्भ, म्हणजे काळ, माणसे, पैसा आणि श्रम यांची हकिगत, बाहेर सांगून मग पाहुण्याला आत न्यावे, हा सर्वमान्य संकेत आहे. मात्र जे बाहेर सांगितले जात नाही, ते आत गेल्यावर बहुधा दिसतही नाही. त्यामुळे केंद्रात काय सांगायचे, हा सजावटीचा प्रश्न नसून सचोटीचा असतो.

घराला न झाकोळता हा संदर्भ बाहेर कसा मांडायचा, या प्रश्नाचे भारतात एक फार जुने आणि आजही ताजे वाटणारे उत्तर अहमदाबादच्या साबरमती आश्रमात आहे. गांधीजींचे निवासस्थान हृदयकुंज अगदी साधे, आणि त्याच्याच आवारात पत्रे, छायाचित्रे व कागदपत्रे मांडण्यासाठी इमारत हवी होती. मुंबईचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तरुण वयात आखलेले हे संग्रहालय 1963 साली खुले झाले. सहा मीटर बाजूचे चौरस एकमेकांना जोडत जायचे, काही चौरस बंद, काही उघडे, एक पाण्याचा. विटांचे खांब, वर कौले, आणि खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा. या मांडणीत दर्शनी भागच नाही, की ज्यापुढे हृदयकुंज लहान वाटावे, आणि पुढे गरज पडली तर आणखी चौरस जोडता येतील, ही सोयही त्यात आहे. अलीकडच्या स्मारकांच्या कमानी आणि घुमट पाहणाऱ्यांनी एकदा या कौलांखाली बसून यावे.

सोयींचा स्वभाव मात्र पसरण्याचा असतो. ओसरी मिळाली की हातपाय पसरणाऱ्याची म्हण मराठी माणसाला सांगायला नको. मॉन्टिसेलोत 1941 साली पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह बांधायचे ठरले, तेव्हा टेकडीखाली वेगळे केंद्र नव्हते, म्हणून घराच्या दक्षिण बाजूच्या चाकरवस्तीतील एक खोली त्यासाठी घेतली गेली. सॅली हेमिंग्ज ही गुलाम स्त्री त्या भागातच राहत असे, असे जेफर्सनच्या नातवाच्या सांगण्यावरून दिसते. तिच्या सहाही मुलांचा पिता जेफर्सन असण्याची दाट शक्यता आहे, असा निष्कर्ष हे घर सांभाळणाऱ्या विश्वस्त संस्थेच्याच समितीने 2000 साली काढला. पुढे ते स्वच्छतागृह काढून टाकण्यात आले, आणि फरश्या व नळ उचलल्यावर खालून एकोणिसाव्या शतकातील विटांची जमीन आणि चुलीची जागा निघाली. 2018 पासून ती खोली सॅलीची म्हणून दाखवली जाते. तिचे एकही चित्र उपलब्ध नसल्याने तेथे केवळ एक सावली आणि तिच्या मुलाने सांगून ठेवलेल्या आठवणींतील शब्द भिंतीवर उमटतात, आणि लोक विटांच्या त्या जमिनीशी थांबून ते वाचतात.