शिसे कोणाच्या मुलांच्या रक्तात?

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याच्या भट्ट्या बंगल्यांच्या कॉलनीत पेटत नाहीत. त्या कष्टकऱ्यांच्या वस्तीलगत पेटतात. बापाच्या कपड्यांवरून ती धूळ घरात येते, रांगत्या मुलाच्या तोंडात जाते. पोटात लोह, कॅल्शियम कमी असले की शिसे अधिक भिनते. म्हणजे अर्धपोटी मुलालाच जास्त मार. मेंदूची ही हानी भरून निघत नाही.

युनिसेफ व प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात अंदाजे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे आहे. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद करता आले, मग २०२२ चे बॅटरी नियम या भट्ट्यांपर्यंत का पोहोचू नयेत? शाळेच्या पायरीआधीच बुद्धी हिरावली जात असेल, तर समान संधी कसली? भट्ट्यांलगतच्या अंगणवाड्यांत मुलांची रक्ततपासणी करा, ही आमची मागणी आहे.