घरची बोली घेऊन वर्गात

इंदापूर तालुक्यातल्या कळसहून निघायचं, बारामती मागे टाकायची आणि नीरा ओलांडायची, की फलटण येतं. नदीच्या दोन्ही काठांना उसाचाच मुलूख. अलीकडे डावा कालवा, पलीकडे उजवा. या पट्ट्यात ‘इंटरनॅशनल’ पाटीच्या शाळांचं आकर्षण मोठं आहे. मला मात्र आंतरराष्ट्रीय शाळा म्हटलं की फलटणची एक मराठी माध्यमाची शाळा आठवते : कमला निंबकर बालभवन.

जिचं नाव शाळेला दिलं ती बाई आणि जिने शाळा काढली ती बाई, दोघीही जन्माने अमेरिकन. कमलाबाई म्हणजे माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. निंबकरांच्या घरात सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५० मध्ये त्यांनी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था सुरू केली. दुखावलेल्या माणसाला हाताने काही करता यावं, त्यातून त्याचा स्वतःवरचा विश्वास परतावा, ही त्या उपचाराची रीत. शाळेला हे नाव शोभतं.

शाळा काढणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन, फलटणकरांच्या मॅक्सीनमावशी. त्या भाषाशास्त्रज्ञ. फलटणची माणसं मराठी कशी बोलतात, जातीनुसार, शिक्षणानुसार बोलणं कसं बदलतं, यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७३ मध्ये पीएच.डी. केली. कमलाबाईंची सून, लेखिका जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी. तिच्याबरोबर त्यांनी परभाषकांसाठी मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. १९७८ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. आधी त्यांनी गावातल्या दलित मुलांना शिकवलं, मग १९८६ मध्ये त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेचं बालभवन उभं राहिलं.

अभ्यासाचा विषय होता ती बोली त्यांनी वर्गात आणली, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. मी पहिलीत असताना ‘न्हाय’ म्हणाले आणि वर्ग हसला. बाईंनी ‘नाही म्हण’ एवढंच सांगितलं. त्यात वाईट हेतू नव्हता. पण त्यानंतर कितीतरी दिवस माझा हात वर गेला नाही. मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल आज पुष्कळ बोललं जातं. माझ्या मते त्याची पहिली पायरी ही आहे : आपली आई बोलते ते चुकीचं, असं मुलाला वाटू न देणं. प्रमाणभाषा शिकवायचीच, पण बोलीच्या शेजारी बसवून. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला होता. फलटणला तो रोजच्या तासात उतरला.

वाचन शिकवण्याची त्यांची ‘प्रगत वाचन पद्धती’ याच विचारातून आली. आपल्याकडे आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. अर्थापर्यंत पोचेस्तोवर मूल कंटाळतं. इथे थोडी अक्षरं आणि एखादी स्वरखूण एकत्र घेतात. क, म, न, ल आणि काना एवढंच उदाहरणाला घ्या : काका, मामा, कान, नाक, माल, कमान. चार अक्षरांत घरातली माणसं आली, अंगाचे अवयव आले! दुसऱ्या बाजूने मूल जे बोलतं ते बाई लिहून घेतात आणि मूल स्वतःचंच बोलणं वाचतं. अक्षरओळख आणि अर्थ असे दोन्हीकडून भेटतात. सोबत गोष्टींची पुस्तकं हवीतच. ती कपाटात कुलूपबंद असून चालत नाही.

इंग्रजीला इथे विरोध नाही. एका भाषेत विचार मांडायला शिकलेलं मूल दुसरीकडे ते बळ घेऊन जातं, असा विश्वास मात्र आहे.

दिवाळीच्या सुमारास भवानीनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू होतो आणि कोयत्यामागे ऊसतोड कुटुंबांची मुलं कळसच्या बाजूला येतात. त्यांच्या जिभेवर मराठवाड्याची मराठी असते. अशा एखाद्या पोराने वर्गात ‘आमचा बैल लई थकलाय’ म्हटलं, तर बाईंनी खडू उचलावा आणि ‘लई’ला हात न लावता ते वाक्य त्याच्या देखत फळ्यावर लिहावं. मग त्यालाच वाचायला सांगावं.