मालवणची मासळी व समुद्राची विश्रांति

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मालवण हें गांव सृष्टिसौंदर्याविषयीं प्रसिद्ध आहे. समोर कुरटे बेटावर, शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला. मागें माडांच्या दाट बागा. आणि मध्यें पसरलेली वाळूची पुळण. हा देखावा पाहण्यास व येथील मासळीची चव घेण्यास दूरदूरचे प्रवासी येतात. परंतु ताटांतला बांगडा तेथवर कसा आला, याचा विचार फार थोडे करतात.

बांगडा, तारली हे मासे थव्यांनीं किनाऱ्याजवळ येतात. त्यांस धरण्याची जुनी रीत म्हणजे रापण. जाळ्याच्या दोराचें एक टोंक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळाकार जाळें टाकीत जाते व दुसरें टोंक परत किनाऱ्यास आणते. मग दोन्ही बाजूंस माणसें रांगेनें उभीं राहून दोर ओढतात, आणि मिळालेल्या मासळीचे त्यांच्यांत वाटे होतात.

घरीं या बांगड्याचें तिखलें करतात. त्यांत तिरफळांचा सुगंध असतो व आमसुलांचा आंबटपणा. हा आंबटपणा केवळ रुचीसाठीं नव्हे. माशाचा उग्र वास ज्या क्षारधर्मी द्रव्यांमुळें येतो, त्यांस आमसुलांतील आम्ल निष्प्रभ करतें. वर वाटीभर सोलकढी असली म्हणजे जेवणास पूर्णता येते.

हें सुख बारमाही नाहीं. पावसाळ्यांत समुद्र खवळतो. नद्यांच्या पुराबरोबर पोषक द्रव्यें समुद्रांत येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पति वाढतात, आणि पुष्कळ जातींचे मासे याच सुमारास अंडीं घालतात. म्हणूनच नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून मग होड्या लोटण्याचा प्रघात पडला. १९८१ सालीं महाराष्ट्रानें सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला; अलीकडे साधारणतः १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोंकणी माणूस उन्हाळ्यांत वाळवून ठेवलेल्या मासळीवर भागवितो.

ही विश्रांति मोडली, किंवा बारीक आसाच्या जाळ्यांनीं पिल्लेंहि उपसून नेलीं, तर पुढील वर्षीं थवे कोठून यावेत? मग यांत्रिक नौका मासे शोधीत दूर समुद्रांत जाऊं शकेल. परंतु किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याच्या हातीं रिकामें जाळें येईल.

विद्यार्थिमित्रहो, वडील मंडळींसह कोंकणांत जाल तेव्हां तेथील मासळी अवश्य खा. मात्र भर पावसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरूं नका. सुक्या बांगड्याची चटणी व भात हेंहि तेथील अस्सल जेवण आहे. मांदेली मुळांतच लहान असते, ती खुशाल घ्यावी. पण सुरमईचीं वीतभर पिल्लें विक्रीस आलीं तर घेऊं नयेत. घेणाऱ्यानें हात आखडला म्हणजे धरणाराहि तीं धरण्याचा मोह सोडील.